अक्काच्या शेततळ्यातला तवंग

उमरग्यात हायवेला माझं गॅरेज आहे. हात कायम काळे, आणि तोंड त्याहून वाईट. ज्यातलं कळत न्हाय त्यातही अक्कल पाजळायची, हा माझा जन्माचा रोग.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नवरा गेल्यावर शेतात एकटीच राहिली. बोलणंच सोडलं होतं तिनं. मग कुठूनतरी मासे पाळायचं शिकून आली आणि शेततळ्यात रोहूचं बीज सोडायचं ठरवलं. तेव्हापासून पुन्हा बोलायला लागली. लई बोलायची, फक्त माशांबद्दल.

बीज म्हणजे इवलीइवली पिल्लं. पाणकिडे ती खातात. म्हणून आदल्या दिवशी पाण्यावर थोडं डिझेल आणि साबण मारायचा, किडे गुदमरतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तवंग उडून जातो. ते काम तिनं माझ्यावर सोपवलं. मी मनात म्हटलं, डिझेल कशाला नासायचं? डासांसाठी आमी डबक्यात जळकं ऑइल ओततोच की! गॅरेजातला अख्खा डबा ओतून आलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल अक्काचा होता.

सकाळी प्लास्टिकच्या पिशव्यांतून बीज आलं. जळकं तेल डिझेलसारखं उडालं नव्हतं, वाऱ्यानं पलीकडच्या काठाला जमलं होतं.

"तवंग गेला का रं?" अक्कानं विचारलं.

"गेला की, कवाच!" मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

तिनं आधी पिशव्या पाण्यात तरंगत ठेवल्या, पिल्लांना पाण्याची सवय व्हावी म्हणून. मग हळूच पिशव्यांची तोंडं सोडली.

दुपारी वारा फिरला आणि काळा थर अलीकडं सरकला. पिल्लं वर यायची, तोंड उघडायची, उलटी व्हायची. अक्का काठावर पालथी पडून ओंजळीनं ती उचलत होती, हौदाच्या पाण्यानं भरलेल्या घमेल्यात टाकत होती. "जगा गं बायांनो, जगा," म्हणत होती. एकही जगलं न्हाय. मी धोंड्यासारखा उभा. जळो माझं शहाणपण!

शेजारचे जमले, काय झालं विचारायला लागले. अक्कानं हात पदराला पुसले. पदर काळा झाला.

"बीजच खराब निघालं," ती म्हणाली.

त्यावर आमी कधी बोललो न्हाय. भाऊबीजेला ती ओवाळते, पोटभर वाढते. मासे सोडून सगळं बोलते.

औंदा तिनं पुन्हा बीज सोडलं. पिल्लं जगली, बोटाएवढी झाली. हे मला बाजारात एका परक्या माणसाकडून कळलं.