भिंती आहेत की नाहीत

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा घरात त्यांच्याजवळ थांबायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नवऱ्याची बदली जगदलपूरला झालेली. तो शनिवारी यायचा, रविवारी निघून जायचा. मी नव्या रायपुरात एका सरकारी कार्यालयात नोकरीला होते. लांबलचक रजा टाकली आणि समता कॉलोनीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कैद झाले.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं होतं, पण त्या खाटेवरून उठत नव्हत्या. बेडपॅन, अंग पुसणं, कूस बदलून देणं, औषधं, पुन्हा बेडपॅन. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाठ दिसायची आणि तिच्यावरून उतरलेले पाइप. भाजी चिरताना मी त्या पाइपांकडे बघत राहायचे आणि विळीवरचा हात थांबला आहे हे माझ्या लक्षातच यायचं नाही. कुणाला सांगणार? सासूबाई वाईट नव्हत्या. त्या फक्त हाक मारायच्या.

ऑफिसच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी एक छत्तीसगढी मैत्रीण होती. तिचा एकदा फोन आला. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "दीदी, एक पॉडकास्ट भेज रही हूँ. कहानियाँ हैं, अध्यात्म की. बस सुनो. जो दिख रहा है वो सच में है कि नहीं, यही पूछती है वो."

मला असल्या गोष्टींचा कंटाळा. पण भांडी घासताना एक कान हाकेकडे असला तरी दुसरा रिकामाच होता, त्यात इअरफोन घातला. एका बाईचा संथ आवाज होता. ती हिंदीतून गोष्ट सांगायची आणि शेवटी प्रश्न विचारून गप्प व्हायची, उत्तर द्यायची नाही. एका गोष्टीतली बाई तळ्यावर पाणी भरायला जाते. पाण्यात तिला स्वतःचं घर दिसतं आणि त्यात दिवा लागलेला असतो. घरी येऊन बघते तर अंधार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो आवाज विचारतो, यातलं खरं घर कुठलं? मी ओट्यापाशी उभी राहून रडले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"कानात काय घालून राहिली वं?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

"काही नाही, आई. गोष्टी आहेत."

"मंग मले नाही का कान?"

त्यांना आवडणार नाही असं मला वाटलं होतं. त्यांचं सगळं आयुष्य पूजा, उपास आणि सणवारांत गेलेलं. तरी तीच गोष्ट मोठ्यानं लावली. संपल्यावर त्या म्हणाल्या, "इतकं इचारत बसण्यापेक्षा त्या बाईनं घरी जाऊन दिवा लावाले पायजे होता." आणि डोळे मिटून घेतले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ते बाई आज नाही बोलून राहिली का?"

पुढे तपासणीसाठी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. व्हीलचेअर लिफ्टमध्ये घातली, मी कशीबशी कडेला उभी राहिले. लिफ्ट सुरू झाली आणि दोन मजल्यांच्या मध्ये वीज गेली.

काळोख. पंखा बंद. मी बटणं दाबली, दार बडवलं. फोनला नेटवर्क नव्हतं. खालून चौकीदार ओरडला, "माताजी, घबराना मत, मिस्त्री को बुला रहे हैं!" मला श्वास घेता येईना. खुर्चीचं चाक पोटरीत रुतत होतं आणि हलायला जागा नव्हती.

"लाव ना त्या बाईले," सासूबाई म्हणाल्या.

एक भाग फोनमध्ये उतरवून ठेवलेला होता. तो लावला. तोच संथ आवाज म्हणाला, तुम्हारे चारों ओर जो दीवारें हैं, क्या वे सचमुच हैं?

"आहेत!" मी किंचाळले. "आहेत वं बाई, भिंती आहेत! मले विचार ना!"

सासूबाई हसायला लागल्या. मग मलाही रडता रडता हसू फुटलं म्हणा, काहीतरी झालं. त्यांनी अंधारात चाचपून माझं मनगट पकडलं.

"आहेतच भिंती," त्या म्हणाल्या. "मी त रोज पाहून राहिली. मले काय समजत नाही का पोरी? मी हाक मारली का तू आधी थांबते, मंग येते. त्या थांबण्यात तू काय म्हणत असशील ते मले ऐकू येते."

खोटं बोलता आलं असतं, पण इतक्या जवळून बोलवेना.

"कोनी बाई ठेव माह्याजवळ. तू जाय आपल्या नोकरीवर. दोघीनं काहून अडकून राहायचं?"

मिस्त्री आला, त्यानं लोखंडी सळईनं दार उघडलं. चौघांनी मिळून खुर्ची बाहेर काढली. उजेडात आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. परकी बाई आईचं काय करेल, असं तो म्हणायचा. सासूबाईंनीच त्याला सांगितलं, "मंग तू ये रजा टाकून." शहरातल्या पुरानी बस्ती भागातून एक बाई यायला लागली आणि मी कामावर रुजू झाले.

सासूबाई पुढे वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जायला लागल्या, त्याच्यापलीकडे नाही. मी सुटले, त्या सुटल्या नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे आता कुणाला तो पॉडकास्ट ऐकायला सांगते तेव्हा मी म्हणते, ऐका, पण एकटीनं ऐकू नका. त्या आवाजानं माझी एकही भिंत हलवली नाही. पण त्याच्यामुळे आम्ही दोघी एका बाजूला बसून एकाच गोष्टीशी भांडलो, ते आधी कधी घडलं नव्हतं.

एकदा ऑफिसातून लवकर आले. खोलीत तो आवाज चालू होता. कामाला येणारी बाई सासूबाईंच्या पायाला तेल चोळत होती आणि प्रत्येक वाक्याला "हव, हव" म्हणत मान डोलावत होती.

"काहून मान डोलावते वं?" सासूबाई तिच्यावर डाफरल्या. "अजून तिनं प्रश्न बी नाही इचारला."