हिरव्या बटणाची काठी

बारामतीच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. शेतातल्या मोटरींच्या स्टार्टरसाठी पत्र्याच्या पेट्या बनवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. लोखंडावर माझा इतका जीव, की प्लॅस्टिकची पेटी दिसली तरी मी नाक मुरडायचो. गिऱ्हाइकापुढं पेटीवर बुक्की मारायची आणि "वाजवून घ्या" म्हणायचं, हे माझं ठरलेलं नाटक होतं.

ते नाटक इंदापूरकडच्या एका मावशींनी बंद पाडलं. त्यांचा फोन आला, "भाऊ, तुमची पेटी खालनं गळाया लागलीया. पत्रा हातात येतोय." त्यांची जमीन नदीकाठची, चोपण, खारावलेली. त्यात ठिबकची खतं कालवायची तीही विहिरीवर, पेटीशेजारीच. तिथं साधा पत्रा काय टिकणार? मला त्या गंजाची फार लाज वाटली. मी चांगल्या स्टेनलेस स्टीलची पेटी केली आणि गाडीत घालून मिरवत नेली.

पेटी बसवून झाल्यावर म्हटलं, "मावशी, करा चालू." त्यांनी बाभळीला अडकवलेली एक वाळकी काठी काढली, लांब उभ्या राहिल्या आणि काठीच्या टोकानं हिरवं बटण दाबलं.

मी हसलो. "अहो, नवीकोरी पेटी आहे. काठी कशाला?"

"नवी हाय म्हणून करंट वळखतो व्हय?"

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज जराही चढवला नाही. मागच्या पावसाळ्यात आबा, म्हणजे त्यांचे मालक, ओल्या हातानं माझ्याच जुन्या पेटीला चिकटले होते. पाय घसरून मागं पडले म्हणून सुटले. तेव्हापासून ते विहिरीकडं फिरकत नव्हते. मोटर मावशीच चालू करायच्या, काठीनं.

"हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? पेटी म्हटल्यावर ती करंट मारायचीच. गंज लागला ती तुमची चूक, म्हणून फोन केला."

पेटीतून जमिनीत जाणारी अर्थिंगची तार मी स्वतः जोडून दिली होती. ती कुठंच दिसेना. विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "ती व्हय? ती वाढ्याची मोळी बांधाया काढली. पुढं कशालाच जोडलेली नव्हती ओ, नुसती मातीत गेलती."

उसाचे शेंडे बांधायला जीव वाचवणारी तार! मी भडकलो. नवी तार जोडली, तिला कुणी हात लावायचा नाही अशी तंबी दिली आणि तणतणत निघालो. पण रस्ता संपेपर्यंत तो सगळा राग माझ्यावरच उलटला. स्टील गंजत नाही हे खरं, पण करंट वाहून नेण्यात ते लोखंडाचंच भाऊबंद. बिनकामाची दिसणारी एक तार गेली की जी पेटी माणसाला धरून ठेवते, तिला मजबूत म्हणायचं कुठल्या तोंडानं? पेटी किती वर्षं टिकेल एवढंच मी बघत आलो होतो. हात लावणाऱ्याचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

मग ज्याला नाक मुरडलं, त्याच मालाच्या मागं लागलो. साध्या प्लॅस्टिकची पेटी वर्कशॉपच्या छतावर उन्हात ठेवली, तर उन्हाळा सरेपर्यंत ती पापडासारखी मोडायला लागली. शेवटी काचेचे धागे घातलेली, ऊन सोसणारी फायबरची पेटी सापडली. ती गंजत नाही आणि अंगातून करंटही जाऊ देत नाही. पहिली पेटी मावशींकडंच नेली. मोटरीसाठी अर्थिंग लागतंच, ती तार या वेळी पाइपात घालून खोल गाडली.

"ही खेळण्यातली हाय का?" असं म्हणत मावशींनी बटण काठीनंच दाबलं. विश्वास ठेवा म्हणायचं तोंड मला नव्हतं.

यंदा पाऊस उघडल्यावर पुन्हा गेलो. बाभळीला काठी नव्हती. दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून ती बांधावर रोवलेली दिसली. मोटर चालू करायला आबा आले. त्यांनी हात धोतराला पुसला, बोटानं बटण दाबलं आणि मग अख्खा तळवा पेटीवर टेकवला. मी नकळत एक पाऊल पुढं टाकलं.

"उनात बी तापत न्हाय ओ," ते म्हणाले आणि पाणी बघायला गेले.

गंजाचा तो फोन आला नसता, तर मी अजून बुक्क्या मारत तसल्याच पेट्या विकत राहिलो असतो. आभार मानायला मावशींकडं वळलो, तर त्यांनीच आधी सुरू केलं. "पेटी बरी हाय भाऊ, पण बिजागरी लई करकरतीया."

"आणखी काही?" मी विचारलं.

"आणखी काय न्हाय."

करंटचंही त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं, म्हणून मी पुन्हा एकदा विचारलं, आणि मग तेलाची बाटली आणायला गाडीकडं गेलो.