काकाने न ऐकलेला हुंकार

माझा काका ठार बहिरा होता. नऊ वर्षांचा असताना त्याला ताप आला, महिनाभर अंथरुणाला खिळला, आणि उठला तेव्हा कानांनी कायमची रजा घेतली होती. बोलायचा मात्र स्वच्छ. फक्त आवाजाचा अंदाज नव्हता. गुपित सांगायला लागला की चार घरं पलीकडची माणसं खिडकीत येत. आई-वडिलांच्या मागे मी त्याच्याकडे आणि काकूकडेच वाढले. आमच्या घरात गुपित असं कधी राहिलंच नाही.

त्याचा धंदा दांड्यांचा. कुऱ्हाड, कुदळ, फावडं, हातोडा, ज्याला म्हणून धरायला काही लागतं त्याचा दांडा तो करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच काम चाले. भिंतीला टेकवून सुकत ठेवलेल्या फांद्या, खिडकीपाशी ठोकळा, त्यावर रंधा आणि पटाशा, आणि पायाखाली भुशाचा मऊ थर. काकू रोज झाडायची आणि रोज म्हणायची, "या भुशात एक दिवस तुझा काका हरवेल, आणि हाका मारून उपयोग नाही."

झालेला दांडा तो एका टोकाला धरून ठोकळ्यावर हलकेच आपटायचा. लाकूड निरोगी असेल तर हाताला एकसारखी थरथर लागते. आत चीर असेल तर ती मध्येच अडखळते. चीर सापडली की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "हा नेऊ नका, कुणाचं तरी डोकं फोडेल." खोटं बोलणं त्याला जमतच नसे. नको असलेला माणूस आला आणि काकूने "घरी नाही म्हणून सांग" असं मला खुणावलं, की हा स्वतः बाहेर येऊन सांगायचा, "मी घरी नाही म्हणतेय ती."

लाकूड आणायला तो गावामागच्या रानात जायचा, एकटा. दुसरं कुणी तिकडे फिरकत नसे, कारण रानात हुंकाऱ्या होता. हे नाव गावानेच ठेवलेलं. अधूनमधून झाडीतून एक खोल, लांबलचक हुंकार यायचा आणि ऐकणारा आल्या पावली मागे फिरायचा. आवाज सगळ्यांनी ऐकलेला, जनावर मात्र धड कुणी पाहिलेलं नाही. दूधवाला म्हणे, अस्वलाएवढं धूड, पण पाय गाईचे. वीटभट्टीवरच्या एकाने ओल्या मातीत ठसा पाहिला होता, आणि दर वेळी सांगताना तो ठसा बोटभर वाढत असे. शाळेतल्या बाई म्हणत, कपारीत वारा घुमतो, बाकी काही नाही. पण घरी जाताना त्यासुद्धा रानाकडची वाट सोडून लांबच्या रस्त्याने जात.

"जे ऐकूच येत नाही त्याला भ्यायचं कसं?" काका विचारायचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आठवडाभर लागून राहिलेला पाऊस उघडला होता. काका सकाळी कोयता आणि दोर घेऊन गेला आणि दुपार कलल्यावर परतला. कंबरेपर्यंत चिखल, कोयता नाही, दोर नाही, एकाच पायात चप्पल. तो पायरीवर बसला. त्याला हळू आवाजात बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मला ते दिसलं," तो म्हणाला.

काकू त्याच्या समोर उकिडवी बसली, आपले ओठ दिसावेत म्हणून. "काय दिसलं?"

"ओढ्याच्या घळीत होतो. फांदी तोडायला खोडावर हात टेकला, तर खोड थरथरत होतं. वर पाहिलं तर वीस पावलांवर उभं. मोठं. अंगावर ओले केस, डोळे पिवळट. पाय झुडपात होते, ते सांगता येणार नाही."

"मग?"

"मी एक पाऊल मागे घेतलं, ते दोन पुढे आलं. मी थांबलो की तेही थांबायचं. गुरं हाकतात तसं मला पलीकडच्या चढावर हाकत नेलं त्याने. मी खडकावर चढलो आणि मागे पाहतो, तर झाडं चालत होती."

काकूला वाटलं, याच्या डोक्यात पुन्हा ताप शिरला. पण दुसऱ्या दिवशी गावातली माणसं धीर करून घळीपर्यंत गेली, तेव्हा घळ राहिलीच नव्हती. अर्धा डोंगर खाली उतरला होता. जिथे काका फांदी तोडत उभा होता तिथे दोन पुरुष उंचीची दगडमाती होती. दरड सुटताना झालेला गडगडाट गावात ऐकू आला होता. काकाला तो कधीच ऐकू आला नसता.

संध्याकाळी काकूने त्याला गरम पाण्याने आंघोळ घातली, लहान मुलाला घालतात तशी.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात शहरातून तीन बंदूकवाले आले आणि आमच्या पुढच्या खोलीत, भुशात बूट रोवून उभे राहिले.

"जनावर नेमकं कुठे दिसलं?" त्यांच्यातल्या मुख्य माणसाने विचारलं.

काका म्हणाला, "कुऱ्हाडीचा? आहे ना."

"जनावर, जनावर. कुठे?"

"वर नाही हो, खालीच ठेवलेत. कुठल्या लाकडाचा हवा?"

मी काकूकडे पाहिलं, काकूने छताकडे. समोरच्या घरातलं नवरा-बायकोचं भांडण ओठांवरून वाचून आम्हाला शब्दन्‌शब्द सांगणारा हा माणूस. शेवटी बंदूकवाल्याने कागदावर लिहून दिलं. काकाने चष्मा शोधला, पुसला, लावला, कागद दूर धरला, जवळ धरला. "अक्षर लागत नाही," तो म्हणाला. ती माणसं वैतागून वीटभट्टीच्या बाजूला गेली, तीन दिवस चिखल तुडवला आणि सर्दी घेऊन परतली.

ती गेल्यावर काकाने रंधा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "खोटं बोललो मी," तो म्हणाला.

"कुठे बोललास? बहिराच आहेस तू," काकू म्हणाली आणि त्याच्या पुढ्यात चहा ठेवला.

मी मोठी झाल्यावर एकदा त्याला विचारलं, "काका, ते तुला वाचवायला आलं होतं की स्वतःच घाबरून पळत होतं?"

"असेलही पळत," तो म्हणाला. "मी त्याच्या वाटेत आलो असेन. पण मला बाजूला ठेवून जाता आलं असतं की त्याला." मग थोडा विचार करून म्हणाला, "कळलं असतं तर बरं झालं असतं. पण कळलं नाही म्हणून आभार मानायचे राहत नाहीत."

आणि तो मानायचा. रानाच्या तोंडाशी पोचला की टोपी काढून म्हणायचा, "बरं का, आलोय मी." परतताना, "येतो." गावातली पोरं हसायची. हळूहळू हसणं कमी झालं, आणि एके दिवशी दूधवाल्याने आपली टोपी काढलेली मी पाहिली.

काका त्या दरडीनंतर सव्वीस वर्षं जगला. मला दांडे करायला त्याने शिकवलं. माझ्या लग्नात सगळ्यांसमोर कुजबुजत्या आवाजात, म्हणजे मांडवाबाहेर ऐकू जाईल असा, जावयाला दम दिला. माझ्या मुलीला झोपवताना तिला छातीवर पालथी घालायचा. ती रडली की कळायला हवं म्हणून. गेला तोही झोपेतच, उतारवयात, स्वतःच्या अंथरुणात.

मागच्या वर्षी वनखात्याचा एक कारकून फॉर्म घेऊन आला. परिसरात अनोळखी प्राणी दिसला आहे काय, असा काहीतरी सर्व्हे होता. मी ठोकळ्याशी काम करत होते. काकूच त्याच्यासमोर बसली.

"नुकसान काय झालं?" त्याने विचारलं.

"नुकसान नाही. फायदा लिहा. सव्वीस वर्षं."

"आजी, फायद्याचा रकाना नाही यात."

"मग बाजूला लिहा. जागा आहे की."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. भला मुलगा होता; त्याने समासात बारीक अक्षरात तसं लिहिलं, काकूला वाचून दाखवलं आणि विचारलं, "प्राण्याचं वर्णन?"

"मोठं होतं," काकू म्हणाली. "पायांचं सांगता येणार नाही."