तेहतीस इंचाचा ओटा

मी गवंडी. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत लोकांच्या स्वयंपाकघरात किती ओटे ओतले, ते मोजले नाहीत. पण माझी बायको लग्नानंतर बारा वर्षं जमिनीवर उकिडवी बसून रांधत होती, हे मात्र खरं. तेव्हा आम्ही उल्हासनगरला भाड्याच्या खोलीत राहायचो. खोलीत ओटा नव्हता, आणि दुसऱ्याच्या घरात मी कशाला सिमेंट घालू? स्टोव्हपुढून उठताना तिचे गुडघे कटकट वाजायचे. मला हसू यायचं. ती म्हणायची, "हसा, हसा. एक दिवस उठणारच नाय. मग थापा तुमच्या हातानं भाकऱ्या."

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. रडगाणं लिहिणार नाही. तिला चालायचं नाही ते.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा खरवईला जागा घेतली आणि दोन खोल्या बांधायला काढल्या. बाहेरची एक, आतलं स्वयंपाकघर. तिचं मागणं एकच. "मला उभ्यानं रांधायचंय."

मी म्हटलं, कडप्पा टाकतो. काळा दगड, दोन फरश्या बाजूच्या भिंतींवर ठेवल्या की संध्याकाळी स्टोव्ह वर. ती म्हणाली, "नाय. दोन फरश्यांच्या मधी फट राहते, फटीत झुरळं राहतात. आणि काळ्यावर घाण दिसत नाय. लोकांना सांगत फिरता ना, सिमेंटचा ओतीव ओटा म्हणजे अखंड, सांधा नाय, फट नाय? मग माझ्या वेळेला दगड का?"

माझंच बोलणं माझ्या तोंडावर. ओतीव ओटा ठरला.

ओट्याच्या वरच्या थरात घालायला रंगाची पूड आणायला दोघं उल्हासनगरच्या बाजारात गेलो. तिला हिरवा हवा. दुकानातला सिंधी शेठ भला माणूस. म्हणाला, "भाभी, हरा मत लो. इमली गिरेगी, नींबू गिरेगा, दाग पडेगा. लाल लो."

"इमली मेरी, ओटा मेरा," ती म्हणाली. "तुम फक्त हिरवा तोलो."

शेठनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. हिरवा तोलला.

शेठ खरंच बोलला होता, हे पुढे कळलं. चिंच-लिंबानं हिरवा रंग खाल्ला, वर्षभरात ओट्यावर पांढुरके डाग उठले. तिला त्याचं काही नाही. दर शनिवारी खोबरेल तेलाचा बोळा फिरवायची आणि म्हणायची, "हा डाग बोंबलासारखा दिसतो बघा." मला कधी दिसला नाही.

पण ते नंतरचं. ओटा ओतला तेव्हा ती चामटोलीला माहेरी गेली होती, भातकापणीला. मला वाटलं, बरं झालं, मध्येमध्ये बोलायला कोणी नाही. खाली फळ्यांचा आधार दिला, सळ्यांची जाळी बांधली, खडी-सिमेंट ओतलं, वर हिरवा थर देऊन थापीनं असा घोटला की तोंड दिसावं. वर ओलं गोणपाट टाकून दहा दिवस पाणी मारलं. उंची माझ्या मापाच्या काठीनं घेतली. सागाची काठी, उस्तादानं दिलेली, तेहतीस इंचांवर खाच. उस्तादानं त्याच मापानं ओटे केले, मीही केले. कोणी तक्रार केली नव्हती. म्हणजे माझ्याकडे केली नव्हती. घरची बाई गवंड्याशी कुठं बोलते?

ती आली. ओट्यावरून हात फिरवला, खूश झाली. मग परात ठेवून पीठ मळायला घेतलं आणि थांबली. माझी बायको साडेचार फुटांची. खांदे कानाला लागले होते.

"अहो, हा ओटा कोणासाठी केला?"

"तुझ्यासाठी."

"मला नाय वाटत. फोडा आणि चार इंच खाली घ्या."

मी म्हटलं, जीव गेला तरी फोडणार नाही. स्वतःचं काम स्वतः फोडणारा गवंडी म्हणून सगळ्या बदलापुरात हसं होईल. उभी राहायला पाट घे. तिनं पाट घेतला. तिसऱ्या दिवशी पाट सरकला. दुधाचं पातेलं एकीकडे, ती दुसरीकडे. काही मोडलं नाही, पण मी पोचलो तोवर तिनं स्टोव्ह उचलून खाली ठेवला होता. ओट्याच्या पुढ्यातच उकिडवी बसली आणि भात लावला. ओट्यावर माझी घमेली, थाप्या आणि सुक्या बोंबलांची टोपली नेऊन ठेवली. गुडघे पुन्हा कटकट.

पंधरा दिवस असंच. ती फोडा म्हणेना, मी फोडतो म्हणेना.

मग एक बाई आल्या. मोरिवलीजवळच्या कारखान्यातल्या एका ऑफिसरची बायको. त्यांना ओटा करायचा होता आणि मीच त्यांना ऐटीत सांगितलं होतं, नमुना बघायला घरी या. मी विसरलो, त्या विसरल्या नाहीत. आत येऊन बघतात तर हिरवागार ओटा, वर बोंबील, आणि खाली माझी बायको फोडणी घालतेय.

"अहो, एवढा छान ओटा असताना तुम्ही खाली का बसलात?"

बायकोनं मानही वर केली नाही. "ओटा त्यांच्या मापाचा हाय, बाई. ते रांधायला लागले की वापरू."

त्या बाई एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, माझ्या ओट्याचं माप आधी मी देणार हं. कोपर दुमडून उभी राहते, त्याच्या खाली चार बोटं धरा."

बाई गेल्यावर मी म्हटलं, "घालवलीस माझी इज्जत."

"इज्जत वर ठेवलीय, बोंबलांशेजारी. घ्या काढून." मग पळी आपटत म्हणाली, "ओटा खाली येत नसेल तर मला वर न्या!"

ती चिडून बोलली. पण मी उभा राहिलो तो विचार करतच. वर न्यायचं? मग नेऊ की!

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. विटांचे तुकडे आणि मुरूम आणला, स्वयंपाकघराची अख्खी जमीन भरून धुमसली आणि वर सिमेंटचा कोबा केला. बरोबर चार इंच. दाराची फळी खालून कापून घेतली. ओट्याला हात लावला नाही. ती बाहेरच्या खोलीतून बघत होती. "येडा माणूस," एवढंच म्हणाली.

आठ दिवस कोब्यावर पाणी ठेवलं. नवव्या दिवशी सकाळी ती आत चढली. कोपर दुमडून बघितलं. मी विचारलं, "कसं?"

"थांबा की."

तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळली, स्टोव्ह उचलून ओट्यावर ठेवला आणि भाकऱ्या थापल्या. उभ्यानं. नऊ. खांदे होते तिथंच राहिले. शेवटची तव्यावरून काढून म्हणाली, "आता खाली बसायचं ते फक्त जेवायला."

मी बाहेरच्या खोलीतून बघत होतो. छाती फुगली. ताठ चालत आत निघालो आणि चौकट कपाळावर अशी बसली की डोळ्यांपुढे अंधार. जमीन चार इंच वर आली म्हणून दाराची फळी कापली होती, माझ्या उंचीचा विचार कोणी केला होता?

ती ओट्याला धरून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. थांबेचना. भाकरीच्या पिठाचा हात माझ्या कपाळावर ठेवून म्हणाली, "बघा, माप चुकलं की असं होतं."

चौकट वर घेतो, घेतो म्हणालो. घेतली नाही.