गळा गेल्यावरचं गाणं

उंद्रीच्या बसथांब्याजवळ धम्मदीप इंगळेचं शिलाईचं दुकान. वर्षभर तो कपडे शिवायचा आणि एप्रिल लागला की गायचा. भीमजयंतीच्या दिवसांत आसपासच्या गावांतून त्याच्या पार्टीला बोलावणं यायचं. पेटी आणि गळा धम्मदीपचा, ढोलकी कय्यूमची, मागे साथीला गल्लीतले दोघं-तिघं. कय्यूम सायकली दुरुस्त करायचा, त्याचं दुकान शेजारीच. माईक बंद पडला तरी धम्मदीपचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात असे.

तोच आवाज एका वर्षी बसला. आधी मिठाच्या गुळण्या झाल्या, मग ज्येष्ठमध, मग चिखलीचा डॉक्टर. शेवटी नागपूरला तपासणी झाली आणि स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

"मंग गाणं?" धम्मदीपनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी नजर चुकवली नाही. "जीव वाचेल. आवाज राहणार नाही."

ऑपरेशनला नेताना त्यानं स्ट्रेचर थांबवायला सांगितलं. बायकोला त्यानं कधी नावानं हाक मारली नव्हती. "ऐकलं काय," एवढ्यावरच संसार चालला होता. त्या सकाळी तो "रेणुका" म्हणाला आणि पुढं काही न बोलता आत गेला. त्याच्या मूळ आवाजातला तो शेवटचा शब्द.

घरी आला तेव्हा गळ्याखाली छिद्र होतं. श्वास त्यातूनच, खोकलाही त्यातूनच. रडायलाही आवाज लागतो, हे त्याला तेव्हा कळलं. तोंड उघडायचं, खांदे हलायचे आणि घरात काहीच ऐकू यायचं नाही. भर उन्हाळ्यात तो गळ्याला मफलर गुंडाळून मागच्या खोलीत बसू लागला. दुकान बंद पडलं. पेटी विकून टाक, असं त्यानं रेणुकाला खुणेनं सांगितलं. तिनं ती माळ्यावर ठेवली आणि विषय बंद केला.

कय्यूम मात्र रोज संध्याकाळी दुकान बंद करून ढोलकी घेऊन यायचा. अंगणात बसायचा, थोडा वेळ वाजवायचा, चहा पिऊन जायचा. तब्येत विचारायची नाही, धीर द्यायचा नाही. शेवटी धम्मदीप चिडून बाहेर आला आणि त्यानं पाटीवर खडूनं लिहिलं, 'काऊन येतो? मी संपलो.'

कय्यूमनं सावकाश वाचलं. "संपलेला माणूस पाटीवर लिहिते काय बे? मले घरी एकट्याले करमत नाई, म्हनून येतो. तुले तरास होत असन तं कान बंद कर."

आणि तो वाजवत राहिला. वाजवता वाजवता ठेका चुकवू लागला. एकदा, दोनदा, पुन्हा तिथंच. धम्मदीपच्यानं राहवेना. त्यानं मांडीवर थाप मारून बरोबर ठेका दाखवला.

"असं नाई समजत मले," कय्यूम म्हणाला. "पेटीवर दाखव."

त्या संध्याकाळी पेटी खाली आली.

आजवर धम्मदीपनं दुसऱ्यांचीच गाणी गायली होती. आता म्हणता येत नव्हतं तेव्हा त्याला स्वतःचे शब्द सुचू लागले. आईवर गाणं झालं. ती दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायची.

माय वेचे कापूस, बोटं झाली लाल,
मले म्हने, लेका, तू शाळेतच चाल.

पण म्हणायचं कोणी? साथीदारांनी प्रयत्न केला. चाल बरोबर यायची, पण धम्मदीप नकाराची मान हलवायचा. एक दिवस भाकरी थापताना रेणुका तीच ओळ गुणगुणत होती. पेटी थांबली. तो चुलीजवळ येऊन तिच्याकडं बघत उभा राहिला.

"नाई हो," ती घाबरून म्हणाली. "मी हळदीचे गाणे म्हनते, तेबी चौघीच्या मांगं. लोक काय म्हनतीन?"

"भाभी, मी मुसलमान तुमच्या पार्टीत ढोलकी घेऊन आलो तवाबी लोकं म्हनतच होते," अंगणातून कय्यूम बोलला. "म्हनू द्या ना."

मग रोजचा सराव सुरू झाला. शेजारची विमलबाई भाजी निवडायला म्हणून येऊन बसायची. हळूहळू गल्लीतल्या आणखी बायका येऊ लागल्या. रेणुकाचा स्वर चुकला की धम्मदीप तोच सूर पेटीवर दाबून धरायचा, ती त्या सुरावर येईपर्यंत.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर मंडप भरला होता. धम्मदीप मफलर घरी ठेवून आला. छिद्रावर पातळ पांढरा कपडा होता, त्यानं स्वतःच शिवलेला. पुढची पोरं टक लावून बघत होती. त्यानं बघू दिलं.

रेणुकानं पहिलं कडवं नीट म्हटलं. दुसऱ्याला समोरची गर्दी बघून तिचे शब्द गेले. पेटी त्याच ओळीवर फिरत राहिली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं विमलबाई उठली आणि जाडसर आवाजात पुढची ओळ म्हणाली. तिच्यामागून गल्लीतल्या सगळ्याच. महिनाभर अंगणातून ऐकून त्यांना अख्खं गाणं पाठ झालं होतं. रेणुकानं डोळे पुसले आणि त्यांच्या सुरात सूर मिळवला. धम्मदीप खाली मान घालून वाजवत होता. गळ्यावरचा कपडा जोरजोरात हलत होता.

दुकान पुन्हा उघडलं. नागपूरच्या दवाखान्यात पेशंटला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्याला हवा गिळून ती वर आणत शब्द काढायला शिकवलं होतं. किती महिने नुसते ढेकरच निघाले. आता तुटके, जड शब्द येतात. गाणी तो लिहितो, रेणुका म्हणते. बोलावणी पुन्हा येतात, पूर्वीइतकी नाहीत.

यंदा मेहकरकडचा निवृत्ती नावाचा शेतकरी बायकोला घेऊन दुकानात आला. त्यालाही तेच ऑपरेशन सांगितलं होतं.

"त्याच्यापेक्षा मेलेलं बरं," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

धम्मदीपनं मशीन थांबवली, गळ्यावरचा कपडा काढला आणि त्याला छिद्र दाखवलं. मग हवा गिळून एकेक शब्द वर काढला. "लय... दुखते. मंग... कमी होते."

निवृत्तीनं खालूनच एकदा त्या गळ्याकडं बघितलं आणि पुन्हा नजर जमिनीला लावली. त्याच्या बायकोनं हळूच विचारलं, "जेवता येते काय यायले?"

"भाकर, ठेचा, समदं खातात," शेजारी बसून शर्टाला काज करता करता रेणुका म्हणाली. "अन् वरून मीठ कमी हाय म्हनून नाक मुरडतात."

धम्मदीप बिनआवाजाचा हसला. निवृत्तीनं पहिल्यांदा मान वर केली आणि नागपूरला जायची गाडी इथून किती वाजता असते, ते विचारलं.