सुऱ्याच्या टॅक्सीचे पिवळे दिवे

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चारकोपच्या आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये एकानं गाडीचं बॉनेट उघडलं की दुसरा सल्ला द्यायला येतो, तिसरा हसायला येतो, आणि संध्याकाळी जिन्यात सांगायला काहीतरी उरतंच. गेल्या उन्हाळ्यात मात्र सगळे किस्से एकाच गाडीचे झाले. माझ्या मुलाच्या, सुऱ्याच्या टॅक्सीचे.

*

टॅक्सी आरटीओत पासिंगला नेली तर तिथल्या साहेबांनी परत पाठवली. दिवे पिवळे पडलेत, उजेड पडत नाही, नीट करून आणा. काच म्हणायची, पण असतं प्लास्टिक, उन्हानं हळदीसारखं होतं. नवे दिवे मिळेनात, ते मॉडेलच बंद झालेलं. आणि पासिंग नाही तर धंदा नाही.

सुऱ्या जेवताना म्हणाला, गाडी भंगारात देतो आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागतो. मी हातातला घास खाली ठेवला.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा मला दिलीस का रे भंगारात?"

सुऱ्यानं आमटी वाढून घेतली. दिवे साफ करायचे, हे तिथंच ठरलं.

*

तळमजल्यावरचे कांबळे रिटायर झाल्यापासून दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघतात. त्यांनी सांगितलं, टूथपेस्ट घासा. आम्ही घासली. नवी कोरी ट्यूब संपली, पण दिवे असे चमकले की कांबळ्यांनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

पुढच्या रविवारी बघतो तर परत हळद.

त्या मधल्या आठवड्यात आम्ही सगळे मिठानं दात घासत होतो. माझी सून वंदना गाडीकडे बघत म्हणाली, "आमचे दात गेले ते गेले, हिचे पण टिकले नाहीत."

*

मग कांबळ्यांचं लक्ष बंपरकडे गेलं. बंपरचं काळं प्लास्टिक राखेसारखं पांढरट झालेलं. आता बंपरचा आणि पासिंगचा काय संबंध? पण कांबळे म्हणाले, साहेबाची पहिली नजर महत्त्वाची. त्यांनी ऑनलाइन एक बाटली मागवली. लावल्याबरोबर बंपर शोरूममधल्यासारखा काळाभोर. मी म्हटलं, चला, एक काम झालं.

दुसऱ्या दिवशी सुऱ्यानं गाडी धुतली. सगळा काळा रंग ओघळत गेला तो थेट वंदनाच्या रांगोळीवर. बंपर पुन्हा पांढरा, रांगोळी काळी. वंदनानं ती बाटली कांबळ्यांच्या दारात नेऊन ठेवली, आणि बेल वाजवून वर आली.

*

हे सगळं गॅलरीतून बघत होते परब. मालवणकडचे, एके काळचे मिल कामगार. ते गावाहून आणलेली बाटली घेऊन खाली आले. काजूच्या टरफलाचं तेल.

"वैनी, आमच्या गावाक होडयेक ह्याच लावतत. पाण्यात राहान पण काय होणा नाय."

होडीला चालतं तर बंपरला का नाही? परबांनी काठीला फडकं बांधून, स्वतःचा हात न लागू देता तेल लावलं. हात का लावत नाहीत, हे विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

कांबळ्यांची सवय अशी की सकाळी बंपरला टेकून, दोन्ही हात मागे ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायच्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तळहातांवर हे एवढाले फोड! ते तेल कातडी जाळतं.

परब त्यांना भेटायला गेले. फोड बघितले, हळहळले, आणि मग म्हणाले, "पण बंपर बघलास मां? काळो कुळकुळीत."

आणि खरंच, तो आजही काळा आहे. पण तेव्हापासून बंपरजवळ कोणी आलं की आमच्या घरातला जो असेल तो ओरडतो.

*

शेवटी दिव्यांचं खरं सामान आणलं. पाण्यात भिजवून घासायचे पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग मऊ. सुऱ्यानं पहिला पेपर फिरवला आणि दिवा दुधासारखा पांढरा झाला. त्यानं कपाळाला हात लावला. "आई, वाट लागली."

मी म्हटलं, आता थांबायचं नाही. तो दमला की वंदना, वंदना दमली की मी. मऊ पेपरानं काच निवळत गेली आणि पॉलिश झाल्यावर आतला बल्ब दिसायला लागला.

सुऱ्या आवरायला लागला, तर वंदनानं खोक्यातली छोटी बाटली वाचली. हे शेवटचं कोटिंग लावलं नाही तर ऊन पुन्हा काच पिवळी करेल. टूथपेस्टचं कोडं तिथं सुटलं. आम्ही मळ काढला होता, पण काच उघडीच ठेवली होती.

कोटिंग लावलं. तरी माझं मन मानेना. पासिंगची तारीख लांब होती, आणि ऊन कुठं सुट्टी घेतंय? मी एक गुलाबी ब्लाऊजपीस काढला आणि दोन्ही दिव्यांना कुंच्या शिवल्या. बाळाला घालतो तशाच, झालर लावून, खालून बंद बांधायचे.

सुऱ्या म्हणाला, लोक हसतील.

"तुलाही कुंची घालूनच वाढवलाय. तेव्हा कोण हसलं?"

*

पासिंगच्या दिवशी मी हट्टानं गाडीत बसले. कुंच्याही काढू दिल्या नाहीत. वाटेत ऊन लागलं असतं. तिथं पोचल्यावर काढू म्हटलं, पण पोचलो आणि लगेच आमचा नंबर पुकारला.

साहेब बाजूला उभे राहून म्हणाले, दिवे लावा. सुऱ्यानं लावले. साहेब चालत पुढं गेले आणि तिथंच थांबले. दोन गुलाबी कुंच्या आकाशकंदिलासारख्या उजळलेल्या. शेजारच्या रांगेतले ड्रायव्हर खो खो हसायला लागले. सुऱ्यानं स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

मी उतरले. एक बंद सोडला, दुसरा सोडला. झगझगीत उजेड पडला. साहेबांनी त्यांचं मशीन समोर आणून दोन्ही दिवे तपासले. मग वाकून त्यांनी बंपरकडे हात नेला.

"हात लावू नका!" मी आणि सुऱ्या एकदमच ओरडलो.

साहेबांनी हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं, सुऱ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कुंच्यांकडे बघितलं. कागदावर सही केली.

"पास," ते म्हणाले. "ऊन चढतंय, आजी. घाला परत त्यांना."