वापस यायची वाट

न वाचता तुम्ही शेवटची सही कशावर केलीत, आठवतंय? मला माझी आठवते. ती ज्या माणसाला भोवली, त्याच्याबद्दल हे लिहितोय.

बीडच्या एका खासगी दवाखान्यात आमचे सर संगणक विभाग सांभाळायचे. मी त्यांच्या हाताखाली. कुणी काही बदलायचं म्हटलं की सर चष्मा कपाळावर सरकवायचे. “अन् फसलं तर? वापस यायची वाट लिवली का?”

दवाखाना पुण्याच्या कंपनीचा. संगणकात साधी ओळ बदलायची तरी आधी अर्ज: काय बदलणार, धोका कुणाला, फसलं तर मागे कसं येणार. मग पुण्याची समिती पडद्यावर बसून मंजुरी देणार. सगळे त्या अर्जाला वैतागायचे. सरांना तो प्यारा.

“चहात साखर वाढवायलाही अर्ज भरू का?” मी एकदा चिडून विचारलं.

“कावून नको? टाकलेली साखर काढून दाखव बे!”

मग डायलिसिसचे नंबर लावायला नवी प्रणाली आली. तिच्या हिशेबी एक मोबाइल म्हणजे एक रुग्ण. सरांनी धोक्याच्या रकान्यात लिहिलं, ‘आमच्याकडे एका मोबाइलवर दीर, भावजय, शेजारी अशी तिघांची नोंद असते. माणसं एकमेकांत मिसळतील.’ पडद्यावरच्या मॅडम गोड हसल्या. “इतके अपवाद नसतात हो, सर. धोका कमी, असं लिहू या.”

चाचणीच्या कागदावर माझी सही हवी होती. मी पाच रुग्णांच्या नोंदी तपासल्या, पाचही वेगळ्या मोबाइलच्या. बाकीचा कागद न वाचताच सही ठोकली. बदल मंजूर झाला.

पहिल्याच मंगळवारी धर्मापुरीच्या एक मावशी आल्या. खिडकीवरची मुलगी म्हणाली, “तुमचा नंबर कालच झाला.”

“काल माझे दीर आलते, माय. मी न्हाई.”

पडद्यावर दोघं मिळून एकच माणूस झाला होता. त्याआधी सकाळपासून कितीजण असेच परत गेले, देव जाणे. मावशींचे पाय सुजलेले, धाप लागलेली. नंबर लागल्याशिवाय यंत्रावर घ्यायचं नाही, हा नियम. सरांनी पुण्याला फोन लावला. उत्तर आलं, समिती गुरुवारी बसेल.

सर खुर्चीत बसले आणि मंजुरीविना एकेक नोंद हाताने वेगळी करू लागले.

“सर, अर्ज?” मी पुटपुटलो.

“तिला गुरुवार दाखवतो का बे?”

मावशींना यंत्र मिळालं. सरांना निलंबनाचं पत्र: विनापरवानगी बदल. आयुष्यभर ज्या नियमाची राखण केली, त्याच नियमाखाली!

चाचणी मीच चुकीची घेतली, असं मी लिहून दिलं. ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर आलं. सरांनी केलेला बदल संगणकात सेकंदासह नोंदलेला आहे. खिडकीवरून परत पाठवलेली माणसं मात्र तिथे ‘गैरहजर’ आहेत. मी मांजरसुंब्याला सरांच्या घरी गेलो, तर म्हणाले, “तू डुटी कर. लई बोलू नको, तुलाबी काढतील.” आता फोनही उचलत नाहीत. त्यांच्या खुर्चीवर आम्ही जुने प्रिंटर ठेवलेत.

चौकशी अजून चालू आहे. त्या मंगळवारी तुम्हाला किंवा तुमच्या कुणाला खिडकीवरून परत पाठवलं असेल, तर किती वाजता आलात आणि काय ऐकून गेलात, एवढं कागदावर लिहा. खाली सही करा, नाहीतर अंगठा उठवा. दवाखान्याच्या आवक टेबलावर तो कागद द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.